सीलर लावून ब्रॅकेट चिकटवताना

निपाणीत दवाखाना काढलास, छान केलंस! सीलरमुळे (दाताला जपायला त्यावर लावतात तो रेझिनचा थर) ब्रॅकेट, म्हणजे दात सरळ करायच्या तारेसाठी दातावर चिकटवायचे छोटे तुकडे, सुटतात ही तुझी भीती आधी काढून टाक. थर पातळ आणि नीट क्युअर (दिव्याच्या प्रकाशाने कडक) झालेला असला की पकड पुरेशी राहते. घात करतो तो ओलावा.

- ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिड १५ ते ३० सेकंद, मग भरपूर पाणी. दात खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत वाळव. मध्येच लाळ लागली तर पुसून भागवू नकोस, पुन्हा एच कर, म्हणजे अ‍ॅसिड लाव.
- सीलर हवेने पसरव, साचू देऊ नकोस.

फ्लोराइड व्हार्निश (दाताला किडीपासून जपणारा लेप) मात्र आधी नको, ब्रॅकेट बसल्यावरच. पावसाळ्यात हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि हवेबरोबर दातावर येतं, ते रोज सकाळी काढ. आणि कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) खाणाऱ्या पोरांना ब्रशचं बजावच. सीलर हळूहळू झिजतो, दर भेटीला बघत जा.