जुन्या काळातला असा कोणता फुटबॉलपटू आहे ज्याची आठवण आजही मनातून जात नाही?

माझ्यासाठी एकच नाव, रॉबर्टो बॅजिओ. आणि प्लीज लगेच "तो पेनल्टी चुकवलेला ना" असं म्हणू नका, कारण तेवढ्यासाठीच तर मी एवढं मोठं उत्तर लिहायला बसलोय.

१९९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेत होता. मी नववीत होतो, आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो, एकशेसाठ फुटाची खोली आणि घरात माणसं सात. मॅच बघायची तर समोरच्या खोलीतल्या काकांकडे, कारण त्यांचा टीव्ही मोठा होता आणि त्यांना पोरं आलेली आवडायची. पावसाळ्याचे दिवस, मधेच टीव्हीवर मुंग्या यायच्या, मग कोणीतरी उठून मागची वायर हलवायचा आणि बाकीचे सगळे एकदम ओरडायचे, "आलं, आलं, तसाच धरून ठेव!" चाळीत निम्मे ब्राझीलवाले आणि निम्मे अर्जेंटिनावाले. मॅराडोनाला डोपिंगमध्ये पकडून बाहेर काढल्यावर अर्जेंटिनावाली पोरं अगदी पोरकी झाली होती. इटलीचा फॅन म्हणाल तर पूर्ण मजल्यावर मी एकटा.

आणि मी इटलीचा झालो त्याला कारण बॅजिओची ती छोटी वेणी. आम्ही त्याला शेंडीवालाच म्हणायचो. मग पेपरात वाचलं की हा माणूस बौद्ध आहे, गुडघ्याच्या दुखापतीने करिअर संपायची वेळ आली होती त्या काळात तो बौद्ध धम्माकडे वळला. जपानमधल्या निचिरेन परंपरेतला, म्हणजे आमची वाट वेगळी त्याची वेगळी, पण आमच्या घरात ही केवढी मोठी बातमी होती हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. इटलीचा माणूस, जगातला सगळ्यात भारी प्लेयर (१९९३ चा बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्यालाच मिळालेला) आणि बौद्ध! आजी रोज संध्याकाळी वंदना घ्यायची, तिला मी ती बातमी वाचून दाखवली तर तिने पेपर हातात घेतला, तिला वाचता येत नव्हतं पण फोटो नीट बघितला आणि म्हणाली, "कापून ठेव, दे माझ्याकडे." बाबासाहेबांच्या फोटोच्या खालच्या फळीवर, अगरबत्तीच्या घराशेजारी तो कागद लागला. आणि मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या विचारायची, "आपला पोरगा जिंकला का रे?"

आता मॅचेसचं सांगतो, कारण लोक फायनलचं बोलतात आणि फायनलपर्यंत टीम आली कशी हे विसरतात. ग्रुपमध्ये इटलीची हालत खराब होती. पहिली मॅच आयर्लंडकडून हरले. दुसऱ्या मॅचमध्ये नॉर्वेविरुद्ध गोलकीपर पाग्लियुकाला रेड कार्ड मिळालं, दुसरा गोलकीपर आत आणायचा म्हणून कोच साक्कीने बाहेर कोणाला काढलं तर बॅजिओला! त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो, "हा वेडा झालाय का" असंच काहीतरी तो बोलत होता हे ओठांवरून चाळीतल्या पोरांनाही कळलं. मेक्सिकोशी ड्रॉ झाली, ग्रुपमधल्या चारही टीमचे चार-चार पॉइंट, आणि इटली तिसऱ्या नंबरवरून कशीबशी पुढे.

पुढची मॅच नायजेरिया. आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाली. नायजेरिया १-० ने पुढे, झोलाला रेड कार्ड, इटलीचे दहाच जण. ८८ वा मिनिट आला, काकांच्या खोलीतली अर्धी मंडळी चपला शोधत उठलेली, आणि मुस्सीने आतून बॉल दिला आणि बॅजिओने तो नुसता ढकलला हो, जोर लावून मारलाच नाही, पायाच्या आतल्या बाजूने असा की बॉल सगळ्यांच्या पायातून वाट काढत पलीकडच्या कोपऱ्यात गेला. मी ओरडलोच नाही, आवाजच फुटला नाही माझ्या तोंडून. एक्स्ट्रा टाइममध्ये पेनल्टी मिळाली, ती मारणाराही तोच, २-१. चार दिवसांनी स्पेन, पुन्हा शेवटची दोनतीन मिनिटं उरलेली, सिन्योरीने बॉल पुढे टाकला, बॅजिओ एकटाच गोलकीपर झुबिझारेटाच्या बाजूने निघून गेला आणि इतक्या अरुंद अँगलमधून गोल केला की काका म्हणाले, "अरे जागा होती कुठे?" सेमीफायनलला बल्गेरियाविरुद्ध पाचेक मिनिटांत दोन गोल, त्यातला पहिला तर थ्रो-इनवरून बॉल घेतला, वळला, एकेकाला मागे टाकत आडवा धावला आणि पलीकडच्या कोपऱ्यात वळवून मारला. म्हणजे नॉकआउटच्या तीन मॅचमध्ये पाच गोल. इटलीचा सहावा गोल कोणाचा, तर डिनो बॅजिओचा, आडनाव तेच पण नातं काही नाही.

त्या सेमीफायनललाच त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला. तसाच तो फायनलला उतरला.

ब्राझीलविरुद्धची फायनल आपल्याकडे १८ जुलैला रात्री एक वाजता सुरू झाली. पॅसाडेनात भर दुपार, रणरणतं ऊन, आणि वरळीत धो धो पाऊस. ०-०. एक्स्ट्रा टाइम पण ०-०. साडेतीनच्या पुढे कधीतरी पेनल्ट्या सुरू झाल्या तेव्हा माझे बाबा दारात येऊन उभे राहिले. ते बेस्टमध्ये कंडक्टर, पहाटेची पहिली ड्युटी, खाकी घालून तिकिटांची पेटी खांद्याला लावून निघालेले. फुटबॉल ते कधी बघायचे नाहीत, मी जागा आहे म्हणून ओरडायलाच आले असणार, पण तिथेच थांबले.

इटलीच्या बारेसीने बाहेर मारली. मसारोची ब्राझीलचा गोलकीपर टॅफरेलने अडवली. ब्राझील ३-२ पुढे आणि शेवटची पेनल्टी बॅजिओची. त्याने नंतर सांगितलं की टॅफरेल एका बाजूला उडी मारणारच हे ठाऊक होतं म्हणून मधोमध मारायला गेलो, आणि टॅफरेलने मारलीही उडी, पण बॉल बारवरून गेला. एक गोष्ट नेहमी सांगावीशी वाटते, की तो गोल झाला असता तरी ३-३ झालं असतं आणि ब्राझीलच्या बेबेटोची पेनल्टी बाकी होती. वर्ल्ड कप त्या एका किकवर गेला असं म्हणणं मला पटत नाही, त्याच्याआधी दोघांच्या चुकल्या होत्या, त्यांची नावं आज कोणी घेत नाही.

सगळ्या चाळीतून आरडाओरडा, ताटं वाजायला लागली, आणि टीव्हीवर तो कमरेवर हात ठेवून खाली बघत तसाच उभा. मागे ब्राझीलवाले पळतायत. बाबा दारातून म्हणाले, "अरे, त्याला कोणीतरी जवळ घ्या रे." बस, एवढंच बोलून ते ड्युटीला गेले. सकाळी आजीने विचारलं तेव्हा मला रडू आवरलं नाही.

त्याच्याबद्दल लिहायला पुष्कळ आहे. युव्हेंटसकडून खेळताना आपल्या जुन्या क्लबविरुद्ध, म्हणजे फिओरेंटिनाविरुद्ध पेनल्टी मारायला त्याने नकार दिला आणि मैदानातून जाताना पडलेला त्यांचा जांभळा स्कार्फ उचलला. शेवटी ब्रेशासारख्या लहान क्लबमध्ये खेळला, त्यांनी त्याची १० नंबरची जर्सी रिटायर केली. २००४ ला सॅन सिरोवर शेवटची मॅच झाली तेव्हा अख्खं स्टेडियम उभं होतं, समोरच्या टीमच्या फॅन्ससकट.

पण माझी सगळ्यात जवळची आठवण १९९८ ची आहे. फ्रान्सचा वर्ल्ड कप, इटलीची पहिलीच मॅच, चिलीविरुद्ध. रात्री नऊची मॅच, तोवर आमच्याकडे स्वतःचा टीव्ही आला होता आणि बाबा जेवायला बसले होते. इटली १-२ मागे, पाच मिनिटं राहिली असतील, बॅजिओने मारलेला बॉल चिलीवाल्याच्या हाताला लागला आणि पेनल्टी. बॉल घेऊन पुढे आला तो तोच. वेणी नव्हती, केस बारीक कापलेले, म्हणून बाबांनी विचारलं, "हाच का रे तो?" मी नुसती मान हलवली. बाबांचा घास हातातच राहिला. आजी फळीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. त्याने खाली, कोपऱ्यात मारली.

बाबा ताटावरून उठले, म्हणाले, "घातला. घातला रे त्याने." आणि मोरीवर हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.