कांजिण्यांची खाज आणि रात्रीची तगमग

चार वर्षांच्या लेकीला कांजिण्या, आज तिसरा दिवस, रात्रभर अंग खाजवते आणि रडते, सासूबाई म्हणतात अंगाला पाणी लावायचं नाही, आणि घरात जाऊबाईंना सहावा महिना. तुमचा प्रश्न वाचला आणि सात वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यांपुढे आलं. आधी मुलाला आणि त्यानंतर बरोबर पंधराव्या दिवशी मुलीला कांजिण्या निघाल्या होत्या. घर एकच, महिनाही एकच, पण दोघांचं दुखणं आम्ही अगदी वेगळ्या रीतीने काढलं.

खाजेचं सांगतेच, पण आधी जाऊबाईंचं. त्यांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का, हे त्यांच्या आईला विचारा. येऊन गेल्या नसतील, लसही घेतलेली नसेल किंवा नक्की आठवत नसेल, तर आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच हा आजार पसरतो, त्यामुळे आज खोली वेगळी केली तरी तेवढ्यावर थांबू नका. रक्त तपासून संरक्षण आहे का ते कळतं आणि गरज असेल तर इंजेक्शन देता येतं, पण त्याला दिवसांची मर्यादा असते.

आता आंघोळ. मुलाच्या वेळी आम्हीही पाणी बंद केलं होतं. एप्रिल महिना, खिडक्या लावलेल्या, अंगात लांब बाह्यांचा सदरा, नऊ दिवस आंघोळ नाही. उकाड्याने आणि घामाने खाज वाढते हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. कानामागचा एक फोड त्याने झोपेत नखाने फोडला, त्यात पू झाला, उतरलेला ताप परत चढला आणि अँटिबायोटिक सुरू करावं लागलं. तो खड्डा आजही आहे. केस कापताना दिसला की मला ते नऊ दिवस आठवतात.

मुलीच्या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज आंघोळ घाला. साधे ओट्स घ्या, मसाल्याचे नकोत. मिक्सरमधून पिठासारखे बारीक करा. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ झालं, म्हणजे बारीक झालं असं समजा. मूठभर पीठ मलमलच्या फडक्यात बांधून कोमट पाण्याच्या टबात पिळत राहायचं. पाणी बुळबुळीत होतं, तेच अंगावर ओतायचं. दहा मिनिटं पुरे, आणि खाज फार असेल तर दिवसातून दोन-तीन वेळाही चालतं. तिला उचलताना मात्र जपा, अंग निसरडं होतं. साबण चोळू नका. जुन्या मऊ पंचाने नुसतं टिपून घ्या.

मग कॅलामाईन लोशन. बाटली चांगली हलवून कापसाने एकेका फोडावर टेकवायचं. डोळ्यांजवळ, तोंडात आणि फुटलेल्या फोडावर नाही. आमची लेक आरशासमोर उभी राहायची आणि मी लावेन तो ठिपका मोजायची. साठाच्या पुढे तिला आकडे येत नव्हते, मग परत एकपासून. त्या वेळात हात अंगाकडे जायचे नाहीत, म्हणून मीही मुद्दाम सावकाश लावायचे.

रात्री खाज जास्त जाणवते, कारण मन रमवायला दुसरं काही नसतं. पंखा चालू ठेवा, अंगात सैल सुती झबलं असू द्या. पांघरूण पातळ, शक्य तर जुनं धुवट लुगडंच. उशाशी वाटीत गार पाणी आणि दोन सुती फडकी ठेवायची. खाजवायला लागली की तिथे ओलं फडकं दोन मिनिटं ठेवून हलकेच दाबायचं. चोळायचं नाही. नखं रोज संध्याकाळी बघा, कापून कडा घासून घ्या आणि झोपताना हातात स्वच्छ सुती पायमोजे घाला. पहिल्या रात्री ती ते ओढून काढेल. माझ्या मुलीने काढले होते. दुसऱ्या रात्री मी माझ्याही हातात घातले, मग तिने ठेवले.

तरीही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना खाजेच्या औषधाबद्दल विचारा. ॲलर्जीवरचं सिरप वजनाप्रमाणे देतात, पण मनाने आणू नका. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाने, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर ठेवून. घरातल्या सिरपचं लेबल आत्ताच वाचा. आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकत्र असलेली सिरप सर्रास असतात. कांजिण्यांत आयबुप्रोफेन टाळतात, कारण त्वचेत खोल जंतुसंसर्गाचा धोका वाढतो असं दिसलं आहे. ॲस्पिरिन तर मुळीच नको, त्याने यकृताला आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या मनात देवी आहेत. देवीचा रोग वेगळा होता आणि तो जगातून संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, पण त्यांच्या पिढीने त्याची भीती पाहिली आहे. दाराला निंबाच्या डहाळ्या लावणं, मुलाला वेगळं निजवणं यात शहाणपणच होतं, येणाऱ्याला घरात आजार आहे हे कळायचं. माझ्या सासूबाई निंबाच्या कोवळ्या डहाळीने नातीला वारा घालत बसायच्या, ती त्याने खरंच शांत व्हायची. फक्त पाल्याचा किंवा हळदीचा लेप फोडांवर नको. वाळून ताणतो, काढताना खपली निघते.

तोंडात फोड असतील तर ती जेवणार नाही. गार ताक, मऊ दहीभात, गार खीर द्या. आंबट वाटून झोंबत असेल तर दूधभात. लघवीच्या जागी फोड असतील तर लघवी करताना वरून कोमट पाणी ओता, आग कमी होते. ती आगीच्या भीतीने लघवी धरून ठेवत असेल तर हे आजच करून बघा.

नवे फोड अजून एक-दोन दिवस येतील, पुरळ, पाणी भरलेले फोड आणि खपल्या एकाच वेळी दिसतील, त्याने घाबरू नका. पण ताप चार दिवसांपेक्षा जास्त राहिला किंवा उतरून परत आला, फोडाभोवती लाल, गरम, दुखरी सूज पसरली, पू दिसला, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. धाप लागली, सारख्या उलट्या झाल्या, मान ताठली, चालताना झोक जाऊ लागला किंवा मूल नीट जागंच होईना, तर रात्र असली तरी थांबू नका.

सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत बालवाडीत पाठवू नका. खपल्या आपोआप पडू द्या.

आज रात्री ओट्सचं पाणी करून बघा आणि झोप कितपत लागली ते सकाळी लिहा. जाऊबाईंच्या डॉक्टरांनी काय सांगितलं तेही कळवा, मी बघत राहीन.