रुगर १०/२२ रायफल एका काडतुसाने इंचभरात मारते, दुसऱ्याने तीन इंचांत पसरते. दोष कुणाचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी रुगर १०/२२, साधं कार्बाइन मॉडेल, ५० यार्डांवर वाळूच्या पिशवीवर टेकवून चालवली. एका कंपनीच्या पाच गोळ्या १ इंचात बसल्या, मोठ्या डब्यातल्या स्वस्त गोळ्या ३ इंचांत गेल्या. उन्हाळ्यात अ‍ॅपलसीडच्या (अमेरिकेतल्या रायफल नेमबाजीच्या) शिबिराला जायचंय. नळी बदलावी की महाग काडतुसं घ्यावीत?

इतक्यात दोन्ही नको. ही रायफल १९६४ पासून बाजारात आहे आणि तुम्ही सांगताय ते तिचं नेहमीचंच वागणं आहे. मात्र ५ गोळ्यांच्या एका ग्रुपवरून (कागदावरच्या छिद्रांच्या घोळक्यावरून) निकाल देऊ नका. रायफल, काडतूस, नेमबाज सगळं तेच ठेवलं तरी ५ गोळ्यांचा ग्रुप कधी पाऊण इंच येतो, कधी दीड. ही चढउतार सरासरीच्या पाव हिश्शाहून थोडी जास्तच असते. ३ गोळ्यांचा ग्रुप तर निव्वळ फसवा: तो ५ गोळ्यांच्या ग्रुपच्या जेमतेम ७८ टक्के भरतो, म्हणून लोकांना तो दाखवायला आवडतो. एका काडतुसाचे किमान ५ ग्रुप, प्रत्येकी ५ गोळ्या, आणि पाचही मापांची सरासरी. ‘ती एक गोळी माझ्या हातून गेली’ म्हणून ती वगळायची नाही. एवढं करूनही १ इंच आणि १.१५ इंच यांत फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. १ आणि ३ मध्ये मात्र आहे, तेव्हा तुमची शंका खरी आहे.

काडतूस बदललं की पहिल्या १५-२० गोळ्या मोजायच्या नाहीत. .२२ एलआरच्या (म्हणजे १०/२२ च्या काडतुसाच्या) शिशाच्या गोळीला बाहेरून मेणाचा किंवा तेलकट वंगणाचा लेप असतो आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा. आधीच्या काडतुसाचा लेप नळीत असतो, त्यावर नवा बसेपर्यंत गोळ्या इकडेतिकडे जातात. याच कारणासाठी चाचणीच्या अधेमधे नळी साफ करू नका. चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या) पुढच्या तोंडाशी काजळीचं कडं जमतं, ते मात्र हजारएक गोळ्यांनंतर काढावं लागतं.

आणखी एक. प्रत्येक मॅगझिनची पहिली गोळी तुम्ही हाताने बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) ओढून चढवता, पुढच्या ९ रायफल स्वतः चढवते. बोल्ट हाताने हळूच पुढे नेलात तर पहिली गोळी थोडी वेगळी बसते आणि कागदावर वेगळीच जाते. बोल्ट पूर्ण मागे ओढून सोडून द्या, स्प्रिंगला तिचं काम करू द्या. तरीही पहिली गोळी सतत एकाच बाजूला जात असेल, तर ती कागदाच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या ठिपक्यावर मारा आणि मग ग्रुप सुरू करा.

आता मूळ कारणाकडे. .२२ मध्ये ठिणगीचा मसाला काडतुसाच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. कड कुठे जाड, कुठे पातळ, मसाला कुठे जास्त, कुठे कमी, तशी दारू पेटण्यात तफावत येते आणि गोळीचा वेग बदलतो. महाग काडतुसात तुम्ही पैसे मोजता ते ही तफावत कमी करण्याचे. हिशेब करून पाहा: १०७० फूट प्रति सेकंद वेगाच्या गोळीत ४० फुटांचा फरक पडला, तर ५० यार्डांवर गोळी सुमारे पाव इंच वरखाली होते आणि १०० यार्डांवर साधारण इंचभर. म्हणून ५० यार्डांवर ठीक वाटणारं काडतूस १०० वर उभ्या रेषेत पसरतं. ग्रुप उभा लांबट दिसला की काडतुसावर संशय घ्या, आडवा दिसला की वाऱ्यावर किंवा चाप ओढण्यावर.

‘हाय व्हेलॉसिटी’ या शब्दाला भुलू नका. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सुमारे ११२५ फूट प्रति सेकंद. सीसीआय कंपनीची मिनी-मॅग ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी १२३५ ने निघते आणि ५० यार्डांच्या आतच ध्वनीच्या वेगाखाली उतरते. त्या टप्प्यात तिच्यावरचा हवेचा अडथळा झपाट्याने बदलतो. सीसीआय स्टँडर्ड १०७० ने निघते, म्हणजे आधीपासूनच खाली. गंमत अशी की आडव्या वाऱ्यात वेगवान गोळीच जास्त सरकते. ताशी १० मैल वारा असेल तर १०० यार्डांवर तिचं सरकणं स्टँडर्डपेक्षा इंचभर जास्त. (कडाक्याच्या थंडीत, उणे १० अंशांना, ध्वनीचा वेगच १०६७ च्या आसपास येतो. तेव्हा स्टँडर्डचा हा फायदा बराचसा जातो.) स्टिंगरसारखी ३२ ग्रेन, १६४० फुटांची गोळी कागदावर छिद्रं पाडायला घेऊ नका. तिचं पितळी नळकांडं नेहमीपेक्षा लांब असतं, आणि पुढेमागे मॅच चेंबरची (स्पर्धेसाठीच्या घट्ट चेंबरची) नळी लावलीत तर त्यात ती चालवायचीच नाही.

तुमच्या नळीचं चेंबर सैल आहे. कुठल्याही कंपनीचं मळकं काडतूस अडकू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. गोळीला आट्यांपर्यंत (नळीच्या आतल्या पिळदार खाचांपर्यंत) पोचायला जरा मोकळी जागा पार करावी लागते आणि तेवढ्यात ती किंचित तिरकी होऊ शकते. कुठल्या गोळीचा घेर आणि आकार तुमच्या नळीला मानवतो हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. एकाच दिवशी बनलेल्या दोन १०/२२ ची आवड वेगळी निघते.

एक साधी तपासणी आजच करा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, शक्यतो रेंजवरच: मॅगझिनमधून एक काडतूस चढवा आणि न उडवता बाहेर काढा. गोळीचं नाक नखाने चाचपा. एका बाजूला शिसं तासलं गेलं असेल, चकचकीत ओरखडा किंवा बारीक कपची दिसत असेल, तर रायफल प्रत्येक गोळी उडवण्याआधीच वेडीवाकडी करतेय. दुसरं मॅगझिन लावून पाहा. पोकळ टोकाऐवजी गोल नाकाची गोळी घातली की हा दोष बहुधा कमी होतो.

काडतुसांवर खर्च करण्याआधी तीन गोष्टी बघा. स्कोप वीव्हर रेलवर (तो बसवायच्या पट्टीवर) ढिला नाही ना. अर्ध्याअधिक ‘खराब काडतुसं’ तिथेच सापडतात. सेंटरफायरचा (बुडाच्या मध्यभागी मसाला असलेल्या मोठ्या काडतुसांच्या रायफलींचा) स्वस्त स्कोप लावला असेल तर त्याचं पॅरॅलॅक्स १०० यार्डांना बांधलेलं असतं, ५० वर डोळा हलला की लक्ष्यबिंदूही हलतो. रिमफायरचा (.२२ सारखा कडेत मसाला असलेल्यांचा) स्कोप ५० ला बांधलेला असतो. कार्बाइनची नळी आणि दस्ता एकत्र धरणारी पुढची पट्टी काढून एकदा ग्रुप मारा, पुन्हा लावून मारा. बऱ्याच रायफलींत तिच्या दाबानेच मार सरकतो. आणि दस्त्याचा एकुलता स्क्रू दर वेळी तेवढाच आवळा. चापाला ५-६ पौंड जोर लागतो आणि रायफलचं वजनच ५ पौंड, २.७५ पौंडांचा बीएक्स ट्रिगर (हलका चाप) लावल्याने होणारी सुधारणा मला नळी बदलण्यापेक्षा जास्त पटते.

अ‍ॅपलसीडचं गणित वेगळं आहे. तिथे २५ मीटरवर ४ एमओएचं माप (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण १ इंच), म्हणजे गोळ्या सुमारे १.१५ इंचांत बसल्या पाहिजेत. ५० यार्डांवर १ इंच म्हणजे १.९ एमओए, भरपूर झालं. तीन इंचवाला डबा ५.७ एमओए, अचूक नेम धरूनही गुण जातील. पण बसून मारायच्या फेरीत ५५ सेकंदांत १० गोळ्या आणि मधे मॅगझिन बदल. तिथे एक काडतूस अडकलं तर अर्ध्या इंचाच्या अचूकतेने काय होणार? निवडलेल्या काडतुसाच्या २०० गोळ्या न अडकता चालल्या पाहिजेत. सीसीआय क्वाएटसारख्या ७१० फुटांच्या गोळीत बोल्ट मागे ढकलण्याची ताकदच नसते, ती घेऊन जाऊ नका.

माझी यादी: सीसीआय स्टँडर्ड, मिनी-मॅग, एसके स्टँडर्ड प्लस आणि एक फेडरलचा मोठा डबा. प्रत्येकी ५० गोळ्या घ्या: २० नळी स्थिरावायला, २५ मोजायला, ५ राखीव. जिंकेल तिच्या खोक्यावरचा लॉट (एका वेळी बनलेल्या मालाचा) क्रमांक टिपून त्याच लॉटच्या ५०० घ्या, कारण तेच नाव, वेगळा लॉट म्हणजे पुन्हा चाचणी. ५० मीटर रायफलचे ऑलिंपिक नेमबाज हेच करतात, नळी शिकंज्यात बसवून लॉटमागून लॉट तपासतात. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते .२२ एलआरनेच, आणि तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. अर्थात ती रायफल एकेक गोळी हाताने भरायची, आपल्या जातीची नव्हे.

स्वस्त डब्यातलं काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी मारूच नका; मॅगझिन काढा, रायफल रिकामी करा आणि गोळी नळीत अडकलीय का ते सळई घालून पाहा.

जाता जाता: तुम्ही एच-१बीवर असाल तर अमेरिकेच्या संघराज्य कायद्याप्रमाणे राज्याचा वैध शिकार परवाना किंवा दुसरी मान्य सवलत असल्याशिवाय रायफलच नाही, काडतुसंही बाळगता येत नाहीत. ग्रीन कार्ड असेल तर ही अट नाही. शिकार परवान्याची मुदत चाचणीच्या मधेच संपत नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या.