‘लाइक’, ‘अशी’ आणि कोल्हा

प्रश्न असा : ‘व्हॅली गर्ल’ला मराठीत ‘दरीकन्या’ म्हणावं का, आणि इंग्रजी बोलताना दर वाक्यात उगाच ‘लाइक’ (like) घालायची खोड याच मुलींनी लावली का?

‘दरीकन्या’ नको. ही व्हॅली म्हणजे लॉस एंजेलिसचं सॅन फर्नांडो खोरं. 1982 साली अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झॅपाने आपल्या 14 वर्षांच्या लेकीच्या, मूनच्या तोंडी तिथल्या मुलींची बोली घालून गाणं काढलं आणि तो साचा जगभर गेला. विशेषनाम आहे, तसंच ठेवा.

दुसरा प्रश्न ऐकून मात्र कान किटलेत. भाषेचं काही बिघडलं की खापर पोरींच्या माथी! अलेक्झांड्रा डार्सी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलंय की हा ‘लाइक’ ब्रिटनमधल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातही आहे. ते काही कॅलिफोर्नियात शिकायला गेले नव्हते.

आणि शब्द तरी केवढा जुना! जुन्या इंग्रजीत ‘लीक’ म्हणजे देह. ‘गेलीक’ म्हणजे समान देहाचा, त्याचा झाला ‘लाइक’. चर्चच्या ज्या फाटकाशी शव आणत, ते ‘लिचगेट’. त्यातला ‘लिच’ हाच. ‘सच’ (such) आणि ‘विच’ (which) यांच्या पोटातही हाच देह दडलाय.

इंग्रजीने देह धरला, संस्कृतने नजर. ‘दृश्’ म्हणजे पाहणे. सदृक्षचा झाला ‘सारखा’. ईदृश, तादृश, कीदृश यांचे असा, तसा, कसा. आता बसमधल्या शाळकरी मुली ऐका : “बाई ओरडल्या, आणि ती अशी, ‘मी कुठे बोलले?’” ही ‘अशी’ म्हणजे, ‘मी म्हटलं’ या अर्थी इंग्रजीत म्हणतात त्या ‘आय वॉज लाइक’ची नक्कल आहे, असं शुद्धभाषावाले ठासून सांगतात. मला साफ अमान्य. ती मुलगी नुसते शब्द सांगत नाही. मान वेळावून, डोळे मोठे करून मैत्रीण दाखवते. ‘दृश्’ तिथे अजून जिवंत आहे. ‘मी अशी होते की’ हे मात्र भाषांतर, ते मीही खोडेन. पण नुसत्या ‘अशी’ला नक्कल म्हणणाऱ्यांनी आपल्या आजीची गोष्ट आठवावी. तिथे बोलणं सांगायला ‘असा’चा सख्खा भाऊ ‘कसा’ हजर असायचा : “उड्या मारून दमला, तर कोल्हा म्हणतो कसा, ‘द्राक्षं आंबटच आहेत!’”