नऊ लाखाचं कर्ज काढून सायकॉलॉजी? २५ हजार भरायच्या आधी हे वाच

प्रश्न: ताई, मी दारव्हा तालुक्यातली, गावाचं नाव छापू नका प्लीज. यंदा बारावी आर्ट्स झाली, ७१ टक्के. मले सायकॉलॉजीच करायचं आहे. माझे मोठे काका मागच्या वर्षी औषध पिऊन गेले, त्याच्या आधी महिनाभर ते कोणाशीच बोलत नव्हते आणि आम्हाले वाटे की कापसाचे चुकारे अडकले म्हणून चिडचिड करतात. तेव्हापासून माझं पक्कं आहे. पुण्याच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीए सायकॉलॉजीले नंबर लागतो आहे, फी, होस्टेल, मेस सगळं धरून वर्षाले ३ लाख. बाबा म्हणतात वावर गेलं तरी चालंल पण पोरगी शिकली पाहिजे. चार एकर कोरडवाहू आहे, सोसायटीचं कर्ज दरवर्षी नवं-जुनं होते. ॲडमिशनवाल्या मॅडम रोज फोन करतात की २५ हजार भरून सीट बुक करा. युट्यूबवर एक जण सांगत होता की शिक्षणाच्या कर्जाचं टेन्शन नसते, पगारातून थोडं थोडं कटते आणि उरलेलं माफ होते. खरंच पगार तेवढा भेटते का?

उत्तर: पोरी, काकांचं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं होतं दोन दिवस. मी स्वतः सहा वर्षं एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक होते, त्यामुळं तू जे लिहिलंस ते कसं असतं ते मला माहीत आहे. तू हे करावंस असंच मला वाटतं. पण नऊ लाखात बीए करू नको.

आधी तो युट्यूबवाला. तो बहुतेक इंग्लंडचं सांगत होता. तिथं २०२३ नंतर डिग्रीला गेलेल्या पोरांचा पगार ठराविक मर्यादेच्या वर गेला तरच वरच्या रकमेचे ९ टक्के कापतात आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ करतात. आपल्या बँकेत असलं काही नाही. कोर्स संपला, वर नेहमीप्रमाणं एक वर्ष गेलं की हप्ता चालू, मग नोकरी लागो न लागो. आणि बाबांच्या मनात कर्जमाफी असेल तर तेही सांगून टाक की २०१७ ची असो का २०१९ ची, दोन्ही माफ्या शेतीच्या कर्जाच्या होत्या, शैक्षणिक कर्ज त्यात बसत नव्हतं.

आता हिशोब. वर्षाला ३ लाख असे तीन हप्ते बँक देईल, व्याज साडेदहा टक्के धरू. शिकताना आणि पुढच्या एका वर्षात व्याज भरलं नाही तर ते चढतं, साधं व्याज धरलं तरी २ लाख ८३ हजारांच्या वर, म्हणजे फेडायला बसशील तेव्हा ९ चे पावणेबारा-बारा लाख झालेले असतील. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला १५,९०० च्या वर हप्ता. पंधरा वर्षं केली तर १३ हजार, पण मग एकूण साडेतेवीस लाख जातात. आणि नुसत्या बीएवर आपल्याकडं एखाद्या संस्थेत किंवा शाळेत लागलीस तर पगार १५ हजार धर, हा माझ्या आजूबाजूला पाहून केलेला अंदाज आहे, कोणाला १२ मिळतात कोणाला १८. म्हणजे पगार आला की पुढच्या दारानं बँकेत. काही जण सांगतील की व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, अगं पण १५ हजारांवर टॅक्सच लागत नाही तर सूट कशातून घेणार?

शिवाय साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमीच्या योजनेत बँकेनं तारण मागायचं नसतं, त्याच्या वर मागतात. तुमच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा आधीच आहे. मग त्याच ॲडमिशनवाल्या मॅडम प्रायव्हेट फायनान्सचा नंबर देतात, तिथं कागद कमी लागतात आणि व्याज जास्त. बाबा सहकर्जदार असणार, तुझा हप्ता चुकला की सिबिल त्यांचंही खराब होतं आणि मग जूनमध्ये बी-बियाण्याला पैसा कुठून आणायचा?

आता खरी गोष्ट, जी मॅडम फोनवर सांगणार नाहीत. बीए केल्यानं कोणी सायकॉलॉजिस्ट होत नाही. बीए तीन वर्षं, एमए दोन वर्षं, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर त्याच्या पुढं भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला कोर्स. आजवर तो एम.फिल.चा दोन वर्षांचा होता, आता एम.फिल. जाऊन दुसरे कोर्स येत आहेत, तेव्हा तू पोचशील त्या वर्षी आरसीआयची यादी बघ. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण, हे या मान्यतेवरच ठरतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, म्हणजे सरकारी दवाखान्यात जी टीम असते त्यात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची जागा असते, ती जागा हा कागद मागते, पुण्याच्या बीएची मार्कशीट नाही. म्हणजे तू सगळं कर्ज पहिल्या पायरीवर संपवणार आणि जिथं पगार वाढतो त्या पायरीवर हात रिकामे!

म्हणून माझं म्हणणं असं की बीए अमरावतीला नाहीतर यवतमाळला अनुदानित कॉलेजात कर. सायकॉलॉजी विषय मिळतो, फी काही हजारांत, खरा खर्च रूम आणि मेसचा. तुझा प्रवर्ग लिहिला नाहीस, पण समाजकल्याणचं किंवा आदिवासी विभागाचं वसतिगृह बसत असेल तर अर्ज आत्ताच टाक, आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्ती. मुलींची फी माफ झाली म्हणून ऐकलं असशील, तो जुलै २०२४ चा जीआर व्यावसायिक कोर्सेसचा आहे आणि खाजगी विद्यापीठांना तो लागूच नाही, तर पुण्यासाठी त्या माफीच्या भरवशावर राहू नको. हां, पीएम विद्यालक्ष्मी नावाची केंद्राची योजना आहे, निवडक संस्थांना, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलं तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत, ती युनिव्हर्सिटी त्या यादीत आहे का पोर्टलवर पाहून घे. असली तरी माझं उत्तर बदलत नाही, पण बाबा विचारतील म्हणून सांगितलं.

या पाच वर्षांत इंग्रजी वाचायची सवय लाव, पुढच्या एंट्रन्सची पुस्तकं मराठीत नाहीत, आपली पोरं हुशारीत नाही, तिथं अडकतात. मग आरसीआयच्या कोर्सला सीट मिळाली तर काढ कर्ज. दोन वर्षांचे ४ लाख धरले तर याच व्याजानं, याच दहा वर्षांत हप्ता ६,८०० च्या आसपास येतो. काही सरकारी संस्थांत तर स्टायपेंड मिळतो. जागा फार थोड्या आहेत, हे खरं. नाही मिळाली तर मोठं कर्जही डोक्यावर नसेल आणि एमएवर आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक, किशोरवयीन मुलामुलींचं सरकारी मैत्री क्लिनिक, शाळा, संस्था इथं काम मिळतं. त्यातल्या सरकारी जागा कंत्राटी, अकरा महिन्यांची ऑर्डर, पगार दोन-दोन महिने लांबतो, मी त्यात उसनवारी करून राहिले आहे. तरी राहता आलं, कारण हप्ता नव्हता.

स्वतःचं क्लिनिक टाकून तालुक्याला पैसे मिळतील हे मनात धरू नको लगेच. माझ्यापाशी एक कास्तकार यायचे, पाऊण तास बोलायचे, हलके होऊन उठायचे आणि दारातून वळून विचारायचे, "बाई, गोळी नाही देत काय?" गोळी नाही तर फी कशाची, असं आहे आपल्याकडं अजून. दवाखाना सरकारी होता म्हणून ते आले, दोनशे रुपये घेतले असते तर आले नसते आणि मला तेच नको होतं.

२५ हजार भरू नको. मॅडमना सांग बाबांना विचारते, आणि फोन उचलणं बंद कर. आणि घरात कोणी काकांसारखं गप्प झालं तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न: मी मंगरूळपीर तालुक्यात जिल्हा परिषद शिक्षक आहे. घरबसल्या दूरशिक्षणातून एमए सायकॉलॉजी करून रिटायर झाल्यावर गावात काउन्सेलिंग सेंटर टाकायचा विचार आहे. सोसायटीतून २ लाख उचलू का?

उत्तर: सर, उचलू नका. २०२५-२६ च्या सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, सायकॉलॉजी दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन शिकवणं बंद केलं आहे, आता कोणी "चालू आहे, ॲडमिशन घ्या" म्हणत असेल तर त्याला यूजीसीचं पत्र दाखवायला सांगा. रेग्युलर एमए करायचं तर नोकरी सांभाळून जमतं का ते तुम्हीच बघा. एमए झाल्यावर समुपदेशन करू शकाल, पण आरसीआयच्या नोंदणीशिवाय बोर्डावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहिता येणार नाही, बोर्ड रंगवायला टाकला असेल तर आधी पेंटरला फोन करा.