वैयक्तिक कार्डं भरत आलीत, बिझनेस क्रेडिट कार्ड मिळेल का?

तुम्ही विचारलंय: बेळगावच्या उद्यमबागेत टर्निंगचं छोटं वर्कशॉप, फर्म एकट्याच्या नावावर. दोन वैयक्तिक कार्डं. एकाचं लिमिट ७५ हजार, त्यात ७० हजार वापरलेले, दुसऱ्याचं सव्वा लाख, त्यात एक लाख. बिल कधी थकवलेलं नाही. बिझनेस कार्ड मिळेल का?

आत्ताच अर्ज केलात तर बहुधा नाही. शिवाय एकीकडे नाही म्हटलं म्हणून लगेच दुसऱ्या-तिसऱ्या बँकेत अर्ज टाकलात तर प्रत्येक चौकशी क्रेडिट रिपोर्टवर उमटते. दीड-दोन महिने थांबा.

फर्म एकट्याच्या मालकीची असली की बँकेच्या लेखी तुम्ही आणि धंदा वेगळे नाहीत. पॅन एकच, त्यामुळे कार्डावर ‘बिझनेस’ छापलेलं असलं तरी बघतात तुमचाच सिबिल. भागीदारी किंवा प्रायव्हेट लिमिटेडचा वेगळा रिपोर्ट असतो खरा, पण लहान फर्मला भागीदारांचाही वैयक्तिक रिपोर्ट सहसा काढतातच.

तुमचा वापर २ लाखांवर १ लाख ७० हजार, म्हणजे ८५ टक्के. बिल वेळेवर भरलं तरी बँकेला दिसतं ते एवढंच, की गडी कार्डावर दिवस काढतोय. साधारण ३० टक्क्यांपर्यंतचा वापर बरा समजतात, आणि तिथे यायला १ लाख १० हजार भरावे लागतील. त्यातले ७० हजार आधी लहान कार्डात टाका. गळ्यापर्यंत भरलेलं एकच कार्डही नजरेत येतं.

लोक चुकतात ते तारखेला. ड्यू डेटला पूर्ण बिल भरणाऱ्याचाही वापर ८५ टक्के दिसू शकतो, कारण ब्युरोकडे (क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे) बहुतेकदा स्टेटमेंट निघालं त्या दिवशीची बाकी जाते. स्टेटमेंट १८ तारखेला निघत असेल तर १४-१५लाच पैसे टाका, आणि ते निघेपर्यंत त्या कार्डावर इन्सर्टची पाकिटं की कटिंग ऑइल, काही घेऊ नका. जानेवारी २०२५मध्ये बँकांना ब्युरोकडे किमान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवणं बंधनकारक झालं, म्हणून फरक दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही. तरी अर्जाआधी रिपोर्ट काढून बघाच. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघेही वर्षातून एकदा तो फुकट देतात.

कार्डाची बाकी ईएमआयमध्ये बदलून फारसं काही होत नाही, लिमिट अडकलेलंच राहतं. लहान कार्ड रिकामं करून बंद करू नका. उरलेल्या सव्वा लाखावर ६० हजार म्हणजे वापर पुन्हा ४८ टक्के.

पैसे आणायचे कुठून? पिग्मी (रोजची छोटी ठेव) मुदतीला आली असेल तर तीच मोडा. नाहीतर बँकेतलं सोनेतारण. कार्डाची बाकी पुढे ओढली तर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. सोनेतारण त्याच्या कितीतरी स्वस्त, आणि कार्डाच्या वापरात ते मोजलं जात नाही.

घाई असेल तर मुदत ठेवीवरचं कार्ड मागा. ठेवीच्या साधारण ८०-९० टक्के लिमिट मिळतं आणि तारण हातात असल्याने बँक वापराचा आकडा फारसा ताणत नाही. ठेव मात्र कार्ड देणाऱ्या बँकेतच हवी. सौहार्द सहकारी सोसायटीची ठेव पावती तिथे चालत नाही.

कागदांत जीएसटी, उद्यम नोंदणी, दोन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न आणि करंट अकाउंटचं वर्षभराचं स्टेटमेंट लागतं. जॉबवर्कचे पैसे क्यूआरवरून सेव्हिंगला येत असतील तर आजच तो करंटला जोडा, नाहीतर उलाढाल दिसणारच नाही. आपल्याकडची खास अडचण पत्त्याची: जुन्या लायसन्सवर ‘बेलगाम’, जीएसटीवर ‘बेळगावी’ (नाव १ नोव्हेंबर २०१४ला बदललं), आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरं. अर्जातलं नाव पॅनप्रमाणे, पत्ता जीएसटीप्रमाणे लिहा आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या. महाराष्ट्रात चंदगड बाजूला दुसरं युनिट असेल तर त्याचा जीएसटी क्रमांक २७ने सुरू होतो, इथला २९ने. करंट अकाउंट ज्या पत्त्यावर आहे, तोच क्रमांक द्या.