सुन्न पडलेल्या पायांची रात्री आग कशी होते?

वडिलांना बऱ्याच वर्षांपासून शुगर आहे, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, तेच पाय रात्री पेटतात, आणि चैत्रात सप्तशृंगी गडावर अनवाणी पायी जायचं ते म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. सुन्न पायाची आग म्हणजे भास, असं घरच्यांना वाटतं. मी धुळ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती आग खरी आहे, एवढं आधी घरच्यांना सांगा.

पायाकडून मेंदूकडे जाणारे नसांचे तंतू एकाच जातीचे नसतात. जाड तंतू स्पर्श, कंप आणि पाय कुठे टेकलाय हे कळवतात, तेही सेकंदाला साधारण 50 मीटर वेगाने. गरम-गार आणि वेदना बारीक तंतूंकडे. त्यातले सगळ्यात बारीक सेकंदाला जेमतेम एक मीटर जातात. ठेच लागली की आधी लागल्याचं कळतं आणि कळ मागून येते, ती यामुळेच. वाढलेली साखर आधी सगळ्यात लांब तंतूंना पोखरते, म्हणून सुरुवात बोटांपासून. पोखरलेला तंतू खरा संदेश नेत नाही, पण कारण नसताना आपोआप चेतत राहतो. मेंदूत पायाची जागा शाबूत असते. तिथे निरोप पोचला की पायच जळतोय असं वाटतं. रात्री लक्ष दुसरीकडे नसतं, तेव्हा जास्तच.

मला आगीपेक्षा सुन्नपणाची भीती वाटते. कपाशीच्या रानातून आलेल्या एका बाबांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडलेला होता, भोवती पू झालेला. ते शांतपणे म्हणाले, "काहीच दुखत नही ना भाऊ." दुखलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी काटा काढला असता.

म्हणून अनवाणी नाहीच. चैत्रातला डांबरी रस्ता फोड आणेल आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. देवीला गाडीने जाऊ द्या, पायात मोजे-बूट असू द्या. घरातही चप्पल हवी. रोज रात्री तळवे तुम्ही स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. आग होते म्हणून गरम पाण्याचा शेक देऊ नका. डोळे मिटून तोंड धुताना तोल जात असेल तर जाड तंतूही गेलेत असं समजा, मोरीत धरायला दांडी बसवून घ्या.

साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ही आग सहसा शमत नाही. नसांवर काम करणारी औषधं वेगळी असतात, ती डॉक्टरांकडून घ्या. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 जीवनसत्त्व तपासायला सांगा, ते कमी पडलं तरी पाय असेच बधिर होतात. आणि बधिरपणा एकाच पायात किंवा अचानक आला असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.